लेव्हलकाकांचं कुंपण

गाडी मागे घेताना आरशात बघायचं असतं हे जावयाला माहीत होतं, आणि तो बघतही होता. फक्त बायकोनं उतरण्याआधी त्या आरशात आपले केस सारखे केले होते आणि आरसा तसाच खाली ओढलेला राहिला होता. त्यामुळे जावयाला आरशात मागचं अंगण न दिसता स्वतःचं कपाळ दिसत होतं. कपाळ अगदी निवांत होतं. तेवढ्यात मागून आधी करकर, मग कडाड असा आवाज आला, गाडी आपण होऊन थांबली आणि मागच्या काचेवर हिरव्या पानांचा सडा पडला. लिंबू चिरल्यासारखा वास गाडीभर पसरला.

जावई उतरून मागे गेला. सासऱ्यांच्या अंगणाला रस्त्याच्या बाजूनं भिंत नव्हती, कामिनीचं कुंपण होतं. छातीइतकं उंच, विटेसारखं घट्ट आणि वरून इतकं सपाट, की चहाचा ट्रे ठेवला तरी कपातला चहा एकीकडे जाऊ नये. त्या कुंपणात आता गाडीच्या रुंदीचं खिंडार पडलं होतं. दोन झुडपं बुंध्यातून मोडून अंगणात आडवी झाली होती, आणि शिकाऱ्यानं वाघावर पाय ठेवून फोटो काढून घ्यावा तसं गाडीचं मागचं चाक त्यांच्यावर ऐटीत उभं होतं.

सासूबाई भाजी निवडायचं ताट घेऊन दारात आल्या. त्यांनी खिंडाराकडे पाहिलं, मग जावयाकडे पाहिलं.

"लागलं का कुठे?"

"नाही आई."

"मग बरं. ते आले की लागेल."

ते म्हणजे सासरे. ते थोरल्या लेकीकडे डोळ्याच्या ऑपरेशनला गेले होते आणि परवा परत यायचे होते. एरवी जावयानं सरळ 'चुकलं' म्हणून पाय धरले असते. पण वेळ मोठी वाईट होती. तो आणि बायको भाड्यानं राहत होते ते घर मालकाला परत हवं होतं. सासऱ्यांच्या घरावरची खोली रिकामी होती. खिडकी मोठी, वारा भरपूर, जिना बाहेरून. धाकट्या लेकीनं, म्हणजे जावयाच्या बायकोनं, बापाला विचारलं होतं, की आम्ही वर राहायला येऊ का? बापानं निघताना चप्पल घालत घालत उत्तर दिलं होतं, "ऑपरेशन करून येतो. तोवर जावईबापू घर कसं सांभाळतात ते कळेल. मग बघू."

जावयानं घर असं सांभाळलं होतं.

आता सासऱ्यांविषयी थोडं सांगायला हवं, म्हणजे जावई एवढा का घाबरला ते कळेल.

धंद्यानं ते न्हावी. घराची पुढची खोली हेच दुकान. दोन खुर्च्या, एक लांब आरसा, काचेच्या बरणीत कंगवे आणि भिंतीवर एकही चित्र नाही, कारण चित्र टांगलं की ते वाकडं होतं आणि वाकडं झालं की गिऱ्हाइकाला अर्धवट सोडून ते सरळ करायला जावं लागतं. कापून झालं की ते दोन पावलं मागे सरायचे, एक डोळा मिटायचे आणि दोन्ही कल्ले एका रेषेत आहेत का ते बघत पुटपुटायचे, "लेव्हल." हा शब्द ऐकल्याशिवाय गिऱ्हाइकाला खुर्चीतून उठायची परवानगी नसे. म्हणून सगळी गल्ली त्यांना लेव्हलकाका म्हणे. पाठीमागे म्हणे तसंच तोंडावरही म्हणे, आणि त्यांना ते आवडे.

ही लेव्हल दुकानापुरती राहिली असती तर बरं. पण लेव्हलकाका शेजाऱ्याच्या दारावरची पाटी सरळ करून यायचे, दोरीवर वाळत घातलेल्या शर्टांच्या बाह्या समान करायचे. लेकीच्या लग्नात फोटोग्राफरनं "हसा" म्हटल्यावर सगळे हसले, हे मात्र पुढे गेले, फोटोग्राफरच्या हातातला कॅमेरा बोटभर डावीकडे कलता केला, परत येऊन जागेवर उभे राहिले आणि मग हसले. सासूबाई सांगत, की नवी नवरी म्हणून या घरात आले तेव्हा हे माझ्याकडे टक लावून बघायचे. मला वाटलं, प्रेम आहे. नंतर कळलं, की माझा एक कान दुसऱ्यापेक्षा किंचित वर आहे.

कुंपण खरं तर सासूबाईंचं. त्यांच्या माहेरी अंगणभर कामिनी होती. ती फुलली की पांढरी होऊन जायची, आणि घरात कुठेही बसलं तरी वास शोधत यायचा. सासरी येताना त्यांनी कापडात मुळं बांधून रोपं आणली आणि रस्त्याच्या कडेनं ओळीत लावली, फुलांसाठी. रोपांनी अंग धरलं, बारीक गडद तुकतुकीत पानांनी भरून आली आणि एक दिवस लेव्हलकाका बाहेर येऊन म्हणाले, "ही कानावर आली आहे."

त्या दिवसापासून दर सोमवारी, म्हणजे दुकान बंद असे त्या दिवशी, कुंपणाची हजामत होऊ लागली. बोलण्याची पद्धत म्हणून नव्हे, खरोखरीची हजामत. झुडपाच्या बुडाशी दुकानातली जुनी चादर अंथरायची. कात्री आधी हवेत चारदा वाजवायची, कारण न वाजवता सुरुवात करणं म्हणजे अडाणीपणा. मग कडेनं, मग वरून, मग पुन्हा कडेनं. शेवटी दोन पावलं मागे, एक डोळा बंद, "लेव्हल." चादर झटकायची आणि पुढच्या झुडपाकडे. "या," असंही ते म्हणत, पण ते हळू.

कामिनी सोशिक. कितीही कापा, चिडत नाही. कापलेल्या एका टोकाखालून दोन फुटवे काढते आणि आणखी दाट होते. असं होता होता कुंपण एवढं घट्ट झालं, की मांजराला त्यातून जायचं तर आधी विचार करावा लागे. गल्लीतला एक जण संध्याकाळी जरा जास्तच खुशीत घरी परतायचा. तो या कुंपणाच्या कडेवर नजर ठेवून चालायचा. एवढी सरळ रेषा त्याला दुसरीकडे कुठे मिळत नसे.

फुलं मात्र आली नाहीत. एकदाही नाहीत. सासूबाई मधूनमधून म्हणत, "माझ्या माहेरी हीच फुलायची."

"माहेरचं सगळंच फुलतं," लेव्हलकाका म्हणत. "ही नर जातीची आहे. हिला फूल नाही. ही कुंपणाची."

असं ते कुंपण. आणि त्याच्या मधोमध जावयाची गाडी.

बायको पिशवी आत ठेवून बाहेर आली, खिंडार पाहिलं आणि आधी पोट धरून हसली. मग तिला वरची खोली आठवली आणि ती थांबली.

"तू लोकांना चष्मे विकतोस ना?" तिनं विचारलं.

जावयाचं चष्म्याचं दुकान होतं, हे खरंच होतं.

"नवी रोपं आणून लावू," तो म्हणाला.

"लाव. आपल्या नातवंडांच्या लग्नापर्यंत एवढी होतील."

तोडगा काढला तो कोपऱ्यावरच्या गुच्छवालीनं. ती फुलांचे गुच्छ बांधून विकायची, आणि गुच्छात मागे भरायला हिरवा पाला म्हणून दर आठवड्याला लेव्हलकाकांची कापलेली कामिनी चादरीसकट उचलून न्यायची. आवाज ऐकून ती आली, खिंडाराभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, "हा पाला काही लवकर मरत नाही. नुसता पाण्यात ठेवा. माझ्या गुच्छातली फुलं माना टाकतात, पाकळ्या गळतात, तरी कामिनी मागे उभी असते. गिऱ्हाईक म्हणतं, फुलं फेकून दे आणि ही ठेव."

झालं. खिंडारात खड्डे खणून लेव्हलकाकांच्या दुकानातले पाण्याचे रिकामे डबे पुरले गेले. मोडलेल्या झुडपांच्या चांगल्या फांद्या कापून डब्यांत खोचल्या. डब्यांत पाणी, वर माती, मागून काठ्यांचा टेकू. लेक कात्री घेऊन वरची बाजू सपाट करायला लागली. तिनं दोन पावलं मागे घेतली, एक डोळा मिटला आणि म्हणाली, "डावीकडे बोटभर जास्त आहे." जावयानं मनात म्हटलं, एकाचे दोन झाले.

काम संपलं तेव्हा रस्त्यावरून काहीही कळत नव्हतं. मोडलेल्या दोन बुंध्यांचं काय करायचं, हा प्रश्न सासूबाईंनी सोडवला. कामिनीचं लाकूड पिवळट, चिवट आणि हाडासारखं टणक. घरातल्या हातोड्याचा दांडा केव्हाचा सैल झाला होता. त्यांनी एक बुंधा सुताराकडून तासून दांडा बसवून घेतला आणि दुसरा पलंगाखाली ढकलला.

ठरल्याप्रमाणे तिसऱ्या दिवशी लेव्हलकाका आले. काळा चष्मा, हातात थेंबांची बाटली आणि डॉक्टरांच्या सूचना. वाकायचं नाही, धूळ नको, केस नकोत, कात्री तर नकोच, डोळे शांत होईपर्यंत. पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन मागेच झालं होतं, आता दुसऱ्याचं झालं. दिसायला लागेल, पण कडा जरा धूसर राहतील, महिन्याभरानं नंबर काढून चष्मा करून घ्या, असं सांगितलं होतं.

"चष्मा घरचाच," सासूबाई म्हणाल्या. "जावई कशाला आहे?"

जावई नुसता हसला.

लेव्हलकाका घरात न जाता आधी कुंपणाशी गेले. फाटकापासून सुरुवात करून त्यांनी तळहात कुंपणावरून फिरवत नेला, डोक्यावरून फिरवावा तसा. जावई त्यांच्या मागून, सासूबाई जावयाच्या मागून, लेक दारात. हात पुढे सरकत खिंडाराशी आला. तिथे तो थांबला. बोटांनी एक फांदी धरली आणि हलकेच ओढून पाहिली. जावयानं श्वास घेतला तो आतच ठेवला.

"हं," लेव्हलकाका म्हणाले. मग हात तसाच पुढे गेला, शेवटच्या झुडपापर्यंत. परत येताना ते म्हणाले, "कोरडं पडलंय सगळं. पाणी घालत जा हो जरा, जावईबापू."

"हो बाबा," जावई म्हणाला आणि आतला श्वास सोडला.

खरं तर कुंपणाला कुणीच कधी पाणी घालत नसे. केसांना कुणी पाणी घालतं का, हे लेव्हलकाकांचं मत, आणि सासूबाईंचे गुडघे धरलेले. पण जावयाला कुंपणाकडे रोज यायला कारण हवंच होतं, कारण डब्यांतलं पाणी आटत होतं. मग तो रोज सकाळी आपलं दुकान उघडण्याआधी यायचा, मागच्या टाकीतून बादल्या भरायचा, आधी गुपचूप डबे भरायचा आणि मग संशय नको म्हणून सगळं कुंपण भिजवायचा, या टोकापासून त्या टोकापर्यंत. लेव्हलकाका ओट्यावर खुर्ची टाकून बसायचे.

"त्या टोकाचं राहिलं."

"घातलं बाबा."

"आणखी एक बादली घाला. बिचारं तहानलेलं दिसतंय."

"बाबा, तुम्हाला तर नीट दिसत नाही अजून."

"मला नाही दिसत. तुम्हाला दिसत असेल ना? चष्मेवाले तुम्ही."

सोमवार आला की लेव्हलकाकांची फार तगमग व्हायची. कुंपण वाढत होतं. कोवळी पोपटी फूट वरची रेषा मोडून बाहेर डोकावत होती. ते ओट्यावर बसून हवेत कात्री वाजवत. नुसती वाजवत. जावई एकदा म्हणाला, "मी कापू का?" त्यावर त्यांनी ज्या नजरेनं पाहिलं, ती काळ्या चष्म्यातूनही नीट पोहोचली.

इकडे खोटा भाग वाढेना. सगळं कुंपण बेशिस्त, मधला तुकडाच तेवढा शाळेतल्या हुशार मुलासारखा. मग लेक आणि जावई मिळून मागच्या कोपऱ्यातल्या, टाकीआडच्या झुडपाच्या उंच फांद्या कापून आणत आणि डब्यांतल्या बदलत. लेव्हलकाका तेव्हा आत झोपलेले असत. म्हणजे घोरणं तरी ऐकू येई.

एके सकाळी त्यांनी खिळा ठोकायला हातोडा मागितला. ठोकून झाल्यावर दांडा हातात फिरवून पाहिला, नाकाशी नेला.

"दांडा छान आहे. कुठला?"

"बाजारातला," सासूबाई म्हणाल्या.

"हं."

हे "हं" जावयाला पार आतून पोखरत होतं. वरच्या खोलीविषयी विचारलं की "बघू." मालकाचा निरोप पुन्हा आला, हे लेकीनं सांगितलं तरी "बघू."

एकदा तर त्यांनी जावयाला दुकानाच्या खुर्चीत बसवलं. "डोळ्यांना बंदी आहे, बोटांना नाही. या, चंपी करतो. पाणी वाहून दमलात."

लेव्हलकाकांच्या चंपीसाठी लांबून लोक यायचे. जावई डोळे मिटून बसला. बोटं टाळूवरून फिरत कानामागे आली, तिथून मानेवर उतरली.

"कुंपण कसं आहे?"

"छान आहे."

"छान म्हणजे? लेव्हल?"

"लेव्हल आहे बाबा."

"मग मान का ताठ झाली तुमची?"

"गार लागलं जरा."

"तेल कोमट आहे," लेव्हलकाका म्हणाले आणि चंपी करत राहिले. जावई घरी गेला तेव्हा त्याचं डोकं हलकं झालं होतं आणि बाकीचा सगळा माणूस जड.

मग डॉक्टरांनी चष्म्याचा नंबर दिला आणि खरी पंचाईत झाली. आजवर जावयानं नंबर हातात पडला की दुसऱ्या दिवशी चष्मा दिला नाही असं झालं नव्हतं. दुकानाची तीच ख्याती होती. पण या चष्म्यातून सासऱ्यांना कडा दिसणार होत्या, डब्याचं तोंड दिसणार होतं, काठीचा टेकू दिसणार होता. तो म्हणाला, काचा मागवल्यात. नंतर म्हणाला, काचा आल्या पण एकीवर चरा होता, परत पाठवली. नंतर फ्रेमचा रंग नीट वाटेना.

"बाबा न्हावी आहेत, नवरदेव नाहीत," बायको म्हणाली. "रंगाचं काय घेऊन बसलास? त्यांना कपातली साखर दिसत नाही, तरी सकाळी चहा ढवळताना तुझीच आठवण काढतात. म्हणाले, बिचाऱ्याच्या दुकानात गर्दी असेल."

हे मात्र जावयाला लागलं. गर्दी नव्हतीच. चष्मा तयार होऊन केव्हाचा त्याच्या गल्ल्याशेजारी पडून होता. खोली गेली तर गेली, दुसरी कुठेतरी मिळेल, पण आपल्या भीतीपायी म्हातारा धुक्यात बसलाय, हे काही खरं नाही. त्यानं डबी खिशात टाकली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चालत निघाला. गाडी त्यानं त्या प्रकरणानंतर गल्लीत आणलीच नव्हती. वाटभर तो वाक्य जुळवत होता. 'बाबा, मला काही सांगायचंय' इथपर्यंत बरं जमायचं, पुढे शब्द फुटत नसे.

गल्लीच्या तोंडाशीच त्याला वास आला. गोड, पण मऊ गोड. संत्र्याची साल आणि जाई एकाच ताटात ठेवावी तसा. दूधवाला सायकल टेकवून उभा होता. गुच्छवाली रिकामी टोपली कमरेला लावून उभी होती. बाकीचेही दोघे-चौघे होते, आणि सगळे एकाच दिशेनं बघत होते.

कुंपण पांढरं झालं होतं.

प्रत्येक कोवळ्या फुटीच्या टोकाला फुलांचा झुबका. बारीक, पाच पाकळ्यांची, मागे वळलेली फुलं. हजारोंनी. वरची सपाट कड कुठे गेली होती कुणास ठाऊक. मधमाश्यांचा असा गुणगुणाट, की कुंपण स्वतःशी काही पुटपुटतंय असं वाटावं. फाटकाशी पाकळ्या गळून जमीनही पांढरी झाली होती.

आणि त्या पांढऱ्याच्या बरोब्बर मधोमध, गाडीच्या रुंदीचा, एक हिरवागार चौकोन होता. एकही फूल नसलेला.

जावयाला आपलं कपाळ पुन्हा आरशात दिसल्यासारखं झालं, पण या खेपेला ते निवांत नव्हतं.

लेव्हलकाका ओट्यावर उभे होते. काळा चष्मा काढून डोळे बारीक करून बघत होते. सासूबाई कुंपणाशी होत्या. त्यांच्या ओंजळीत फुलं होती आणि त्या ओंजळ नाकाशी धरून उभ्या होत्या. त्यांनी ती बराच वेळ खाली घेतली नाही.

"हे काय आहे?" लेव्हलकाकांनी विचारलं.

"फुलं."

"आपल्या कुंपणाला?"

"कुंपण तुमचं. फुलं माझी."

"पण ही तर नर जातीची..."

गुच्छवालीला राहवलं नाही. "काका, हिच्यात कसला नर आणि कसली मादी? ही कोवळ्या फुटीच्या टोकाला फुलते. उन्हाची होरपळली आणि मग पोटभर पाणी मिळालं, की एकदमच उमलते. तुम्ही कोवळी फूट राहू देता कुठे? आता याला लाल लाल फळं येतील बघा, लहान मिरचीएवढी. पाखरं येतील खायला."

लेव्हलकाकांनी कुंपणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. हिशेब मनातल्या मनात चालला होता आणि त्यांच्या बाजूनं लागत नव्हता.

"म्हणजे दर सोमवारी मी..."

"हो," सासूबाई म्हणाल्या. "दर सोमवारी. चादर अंथरून."

"तू बोलली का नाहीस मग?"

"बोलले. तुम्ही म्हणालात, माहेरचं सगळंच फुलतं."

दूधवाला हसला आणि मग घंटा पुसायला लागला. लेव्हलकाका ओट्यावरून खाली आले. आपली खुर्ची त्यांनी स्वतः उचलली, वाकायचं नाही हे विसरून, आणि फुलांजवळ सावलीत ठेवली. "बस," ते सासूबाईंना म्हणाले. "गुडघे दुखतील." सासूबाई बसल्या. लेव्हलकाकांनी सवयीनं खुर्ची मागून जरा सरळ केली.

"आतली बाजू तुझी," ते म्हणाले. "तिला मी हात लावत नाही. रस्त्याची बाजू माझी."

"आणि वरची?"

"वरची..." त्यांनी वरच्या त्या बेताल, बेशिस्त, डोलणाऱ्या पांढऱ्या कडेकडे पाहिलं. त्यांची बोटं आपोआप कात्रीसारखी उघडली आणि मिटली. "वरचीही तुझी."

जावई पुढे झाला. डबी उघडली, चष्मा काढला, फडक्यानं पुसला, पुन्हा पुसला. मग तो सासऱ्यांच्या कानांवर चढवला. काम चोख झालं. लेव्हलकाकांनी फाटकापासून बघायला सुरुवात केली. नजर हळूहळू सरकत आली. पांढरं, पांढरं, पांढरं, आणि हिरवं. तिथे थांबली.

"बाबा," जावई म्हणाला, "मला काही सांगायचंय." इथवर नेहमीप्रमाणे जमलं. पुढचंही आज फुटलं. "तो मधला भाग खोटा आहे. मी गाडी घातली. दोन झुडपं मोडली. खाली डबे आहेत, डब्यांत फांद्या आहेत. चष्माही केव्हाचा तयार होता, मीच आणला नाही. तुम्हाला दिसेल म्हणून."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"डबे. आलो त्या दिवशी फांदी ओढून पाहिली. खरा केस ओढला की डोकं सोबत येतं, केसांचा टोप ओढला की टोपच हातात येतो. तुमची फांदी ओढली तर आत पाणी वाजलं."

लेकीनं तोंडावर हात ठेवला. सासूबाईंनी पुन्हा ओंजळ नाकाशी नेली.

"आणि हातोड्याचा दांडा..." जावई पुटपुटला.

"बाजारातला," लेव्हलकाका म्हणाले आणि बायकोकडे बघितलं. "चष्म्याचं मात्र माहीत नव्हतं. ते वाईट केलंत. साखर न दिसता चहा प्यायलो मी."

"चुकलं बाबा. वरच्या खोलीचं मी आता विचारतही नाही. आम्ही दुसरीकडे बघतो."

"खोलीची किल्ली दारामागच्या खिळ्यावर आहे. त्या दिवशी हातोडा मागितला, तो त्याच खिळ्यासाठी. तुम्ही हल्ली खाली मान घालून येता आणि खाली मान घालून जाता, दिसणार कशी? सामान आणा. गाडी मात्र कोपऱ्यावर ठेवायची. गल्लीत आणायची नाही."

लेक आत पळाली, किल्ली बघायला. जावई तिथेच उभा राहिला. जीव भांड्यात पडला होता, पण डोक्यात एक गोष्ट अजून ठणकत होती. त्या सगळ्या सकाळी, त्या बादल्या, ती चंपी, ते घोरणं.

"पण बाबा, पहिल्याच दिवशी कळलं होतं, तर तेव्हाच का नाही बोललात?"

लेव्हलकाकांनी नवा चष्मा नाकावर सरळ केला.

"मग पाणी कोणी घातलं असतं?"